जानवे माझ्यापाशी आहे

वेरूळची लेणी पाहून लोक खुलताबादेस जातात, औरंगजेबाची उघडी कबर पाहतात आणि परततात. त्याच खुलताबादेत अमीर हसन सिज्झी हा फारसी कवी विसावला आहे. त्याच्याकडे सहसा कोणी वळत नाही.

हसन दिल्लीचा. अमीर खुस्रोचा स्नेही, अल्लाउद्दीन खिलजीच्या दरबारातला कवी. पोटासाठी लष्करची चाकरी. वय उताराला लागले तेव्हा तो शेख निजामुद्दीन अवलियांच्या पायांशी आला आणि १३०८ पासून १३२२ पर्यंत त्यांच्या बैठकीत ऐकलेले बोल त्याने टिपून ठेवले. ग्रंथाचे नाव ‘फवाइद-उल-फुआद’, म्हणजे अंतःकरणाचे लाभ!

एकदा हसनचा पगार अडकला होता. शेखसाहेबांनी त्याला गोष्ट सांगितली ती एका ब्राह्मणाची. हा मोठा धनिक; पण नगराच्या हाकिमाने त्याचे होते नव्हते ते हिरावून घेतले. पुढे वाटेत मित्र भेटला, कसे काय चालले आहे म्हणाला. ब्राह्मण म्हणाला, फार छान. सर्वस्व गेले आणि छान कसे? तर, माझे जानवे अजून माझ्यापाशी आहे! ऐकून हसनचे मन हलके झाले. मुसलमान साधूने मुसलमान शिष्याला धीर द्यावा आणि तो जानव्याच्या दाखल्याने, हे मला मोठे गोड वाटते.

आता, ज्याचा पगार थकला आहे त्याला समाधान शिकवणे सोपे असते. शिकवणारा पोटभर जेवलेला असेल तर ते क्रूरही ठरते. पण शेखसाहेबांचे बालपण बदायूंत उपासातच गेले. घरात दाणा नसला की आई म्हणे, आज आपण देवाचे पाहुणे. धान्य बरेच दिवस पुरले, तर मुलगाच हिरमुसून विचारी, पाहुणे केव्हा व्हायचे? पुढे दिल्लीजवळ गियासपूरला त्यांच्या दारी नजराण्यांची रीघ लागली, रोज पंगती उठू लागल्या. पण मशिदींच्या नि दुकानांच्या कोपऱ्यांत माणसे उपाशी निजली आहेत, या विचाराने त्यांच्या स्वतःच्या घशाखाली घास उतरत नसे. सुलतानाने देऊ केलेली गावे त्यांनी घेतली नाहीत.

१३२५ साली अंतकाळ जवळ आला, तेव्हा घरातले सारे वाटून टाका अशी त्यांनी आज्ञा केली. सेवक इक्बालने आश्रितांसाठी थोडे धान्य मागे ठेवले होते. शेखसाहेब रागावले. कोठारांची दारे उघडली, गोरगरिबांनी धान्य उचलून नेले आणि मागे जमीन झाडून घेण्यात आली.

दोनच वर्षांनी मुहंमद तुघलकाने दिल्लीकरांना दौलताबादेस आणले. त्यांत हसनही दक्षिणेत आला, तो इथलाच झाला.