रेडिओतल्या काळ्या कांडीवर दोन कॉइल का असतात?

नांदेड-लातूरकडच्या जुन्या ट्रान्झिस्टरवर परभणी आकाशवाणी लागते १३०५ किलोहर्ट्झवर. असा रेडिओ उघडला, तर फेराइटच्या काळ्या कांडीवर सहसा दोन कॉइल दिसतात. मोठी कॉइल स्टेशन पकडते. मिक्सर त्यात रेडिओतच तयार होणारी १७६० किलोहर्ट्झची लहर मिसळून ४५५ किलोहर्ट्झचा सिग्नल काढतो.

अडचण इम्पिडन्सची, म्हणजे बदलत्या विद्युतप्रवाहाला होणाऱ्या विरोधाची. मोठ्या कॉइलचा तो खूप जास्त, मिक्सरच्या ट्रान्झिस्टरचा कमी. दोन्ही थेट जोडले तर ट्युनिंग ढिले पडते. म्हणून मोजक्या वेढ्यांची छोटी कॉइल मध्ये येते. वेढ्यांचे प्रमाण १०:१ असेल, तर ट्रान्झिस्टरचा १ किलोओहम मोठ्या कॉइलला १०० किलोओहम भासतो. गंमत म्हणजे दहापट नाही, शंभरपट! केसासारखी ती बारीक तार तुटली, की परभणी गायब.