कानांनी गणित वाचणारे रामन

अपूर्णांक फळ्यावर लिहिणे सोपे, बोलून सांगणे अवघड. ‘अ अधिक ब भागिले क’ असे मी वर्गात म्हणालो, तर क कोणाच्या खाली? दोघांच्या की एकट्या ब च्या? डोळस मूल फळ्याकडे बघून मोकळे होते. ज्याला दिसत नाही त्याला आपण बरेचदा गणितच सोडायला सांगतो.

पुण्यात १९६५ साली जन्मलेल्या टी. व्ही. रामन यांनी ते सोडले नाही. काचबिंदूने चौदाव्या वर्षी उरलीसुरली नजर गेली. तरी वाडिया कॉलेजातून पदवी घेतली ती गणिताचीच, आणि पुढे मुंबईची आयआयटी गाठली. पुस्तके दुसऱ्यांनी वाचून दाखवायची. म्हणजे अभ्यास वाचणाऱ्याच्या सवडीने!

अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी पीएचडीसाठी गणित वाचून दाखवणारी संगणकप्रणालीच तयार केली (१९९४). नाव ‘ॲस्टर’, त्यांच्या वाटाड्या कुत्र्याचेही नाव हेच. ती नुसती अक्षरामागून अक्षर म्हणत नाही. घातांक वरच्या पट्टीत, खाली लिहिलेला अंक खालच्या पट्टीत. लांबलचक सूत्र आधी ढोबळ ऐकायचे, मग हवा तो तुकडा उघडायचा. उर्दूच्या वर्गाला हे नवे नाही. ‘रोको, मत जाने दो’ आणि ‘रोको मत, जाने दो’, दोन्हींत शब्द तेच, पण एका थांब्याने हुकूम उलटतो.

१९९५ मध्ये त्यांनी ‘ईमॅकस्पीक’ आणले. तेव्हाचे बोलके संगणक पडद्यावरचे शब्द जसेच्या तसे वाचत. कॅलेंडर उघडले की आकड्यांची रांग कानावर आदळायची. कोणत्या तारखेला कोणता वार, ते आपणच जुळवायचे. रामन यांचा आग्रह असा की संगणकाने वार, तारीख, महिना सरळ सांगावा. चौकटी डोळ्यांसाठी आहेत, कानाला त्यांचे काय?

२००५ पासून ते गूगलमध्ये. बटणे नसलेल्या फोनवर नंबर कसा लावायचा? त्यांनी आणि चार्ल्स चेन यांनी युक्ती काढली: बोट पहिल्यांदा टेकेल तिथे ५. तिथून वर सरकले की २, खाली ८, डावीकडे ४. जागा शोधायलाच नको.

‘टॉकबॅक’ही २००९ मध्ये याच कामातून आले. अक्कलकुव्यात घेतलेल्या साध्या अँड्रॉइड फोनमध्येही ते बहुधा असतेच, सेटिंग्जमधल्या ‘ॲक्सेसिबिलिटी’त. चालू केल्यावर एका स्पर्शाला फोन नाव सांगतो, दोनदा टिचकी मारली की उघडतो.