पंधरा वर्षांचा दाखला आणि पाच मिनिटांचा इंटरव्ह्यू

परवा सकाळी मोहटादेवी चौकात झेरॉक्स काढायला थांबलो होतो. पुढं सात-आठ पोरं. प्रत्येकाच्या हातात प्लास्टिकची फाईल, त्यात आधार, दहावीची सनद, आयटीआयचं मार्कमेमो आणि फोटो. एकाने अधिवासाच्या दाखल्याच्या पाच प्रती काढल्या. म्हटलं, एवढ्या कशाला रे? म्हणाला, "सर, बिडकीनला टोयोटा येतेय ना. लोकल पाहिजे म्हणतेत."

हा 'लोकल' आपल्याकडं किती जुना आहे, ते त्याला सांगायचं होतं. पण मागं लाइन होती. म्हणून इथं लिहितो.

आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. दरबारी नोकऱ्यांत बाहेरून, विशेषतः उत्तर हिंदुस्थानातून आलेल्यांचा भरणा असायचा आणि त्यावर इथल्यांची ओरड. 1919 मध्ये निजामाने नियम घालून दिला, नोकरी 'मुलकी' माणसालाच. जन्माने मुलकी नसाल तर संस्थानात किमान 15 वर्षं राहिलेलं हवं, शिवाय 'आता गावी परत जायचा विचार नाही' असं शपथपत्र. म्हणजे उमेदवाराला काय येतं याच्या आधी तो कुठला, हा प्रश्न. संस्थान गेलं तरी हा वाद गेला नाही, 1952 साली हैदराबादेत मुलकीवरून मोठं आंदोलन पेटलं.

आपण पुढं महाराष्ट्रात आलो. 1953 च्या नागपूर करारात मराठवाड्याला सरकारी नोकऱ्यांत लोकसंख्येच्या प्रमाणात वाटा कबूल केला होता. घटनेच्या कलम 371(2) मध्येही तंत्रशिक्षण आणि नोकऱ्यांच्या न्याय्य वाटपाची तरतूद आहे. पण हे सगळं सरकारी नोकरीपुरतं. कारखान्याच्या गेटला ते लागू नाही, आणि इथं प्रश्न गेटचाच होता.

19 जानेवारी 1984 ला वाळूजला बजाज ऑटोची पायाभरणी झाली, नोव्हेंबर 1985 मध्ये राष्ट्रपती ग्यानी झैलसिंग यांच्या हस्ते उद्घाटन. ज्या वसाहतीत बसून मी हे लिहितोय, तिचं नावही त्यातूनच आलं. त्या काळात तयारीची पहिली पायरी होती 'एम्प्लॉयमेंट'चं कार्ड. घरोघरी ते जपून ठेवलेलं असायचं, नूतनीकरणाची तारीख चुकली की घरात बोलणी बसायची. गंमत म्हणजे 1959 च्या कायद्याने कंपनीवर रिकाम्या जागा कळवायचं बंधन घातलं, माणूस तिथूनच घ्यायचं नाही. हे बारीक अक्षर किती जणांना ठाऊक होतं? आमच्या गल्लीत तरी कुणाला नव्हतं. लोक कॉलची वाट बघत राहिले.

आणि 2008 मध्ये 15 वर्षं परत आली. सरकारी सवलती घेणाऱ्या उद्योगांनी 80 टक्के स्थानिक घ्यावेत, पर्यवेक्षक श्रेणीत निदान 50 टक्के, असा शासन निर्णय झाला. स्थानिक कोण? ज्याचं महाराष्ट्रात 15 वर्षं वास्तव्य आहे तो. नीट वाचा, महाराष्ट्रात. पैठण तालुक्यात नाही, मराठवाड्यातही नाही. बिडकीनसाठी जमीन दिलेल्या शेतकऱ्याचा पोरगा आणि पुण्याचा पोरगा या नियमात सारखेच लोकल. रांजणगावात वाढलेला बिहारी कामगाराचा मुलगाही लोकल, आणि माझ्या मते त्यात काही चूक नाही. पण नेतेमंडळी सभेत 'लोकल' म्हणतात तेव्हा समोरच्याला वाटतं आपलं नाव घेतलं. ते खरं नाही, एवढं तरी पोरांना सांगायला हवं.

31 जुलै 2024 ला टोयोटा किर्लोस्करचा राज्य सरकारशी सामंजस्य करार झाला. सुमारे 20 हजार कोटींची गुंतवणूक, 8 हजार थेट नोकऱ्या, असे आकडे जाहीर झाले. याच कंपनीने कर्नाटकात बिडदीला 2007 पासून दहावी झालेल्या खेड्यातल्या पोरांसाठी तीन वर्षांची प्रशिक्षण संस्था चालवलीय. तशी संस्था बिडकीनला मागण्यासाठी कोण निवेदन घेऊन गेलं? दाखल्यांचे कॅम्प मात्र जोरात आहेत.

फिटर-मशिनिस्टच्या इंटरव्ह्यूत काय विचारतात, हे इथल्या कुठल्याही जुन्या सुपरवायझरला विचारा. व्हर्नियरचा लीस्ट काउंट किती, मायक्रोमीटरचा किती, ड्रॉइंग समोर ठेवून टॉलरन्स वाच, फाईव्ह एस म्हणजे काय. पाच मिनिटांचं काम. आधीच्या पिढीचे हे लोक रिटायर होऊन आपल्याच गल्लीत आहेत, संध्याकाळी ओट्यावर बसलेले असतात.

त्या दिवशी झेरॉक्सवाल्याला पैसे देता देता मी त्या पोराला विचारलंच, व्हर्नियरचा लीस्ट काउंट? "पॉइंट झिरो टू एमएम." लगेच. मायक्रोमीटरचा? तो थांबला, शेजारच्या पोराकडं बघितलं. शेजारचा म्हणाला, "पॉइंट झिरो वन." मग दोघं फाईल सांभाळत गाडीवर बसले अन् कामगार चौकाकडं निघून गेले.