नाशिकचा चित्र-कारखाना

बर्लिनजवळील बाबेल्सबर्ग येथें १९१२ सालीं सुरू झालेला चित्रपटांचा कारखाना आजहि उभा आहे. आपल्या नाशिकचा मात्र पंधराएक वर्षांतच आटोपला. १९१८ सालीं दादासाहेब फाळके यांनीं मुंबईच्या धनिकांस भागीदार करून येथें ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ काढली. १९१९ च्या ‘कालियामर्दना’त त्यांची कन्या मंदाकिनी हीच बाळकृष्ण झाली होती! पुढें भागीदारांशीं बिनसलें. भागीदारांस केवळ लोभी म्हणणें अन्यायाचें होईल; हिशेब मागणें हा त्यांचा अधिकारच होता. दादासाहेब काशीस निघून गेले आणि तेथें त्यांनीं ‘रंगभूमि’ नाटक लिहिलें. कांहीं वर्षांनीं ते परतले. परंतु बोलपटांपुढें मूकपट टिकेना. ‘सेतुबंधना’स तर मागाहून आवाज जोडावा लागला. १९४४ सालीं दादासाहेब नाशकांतच वारले.