दूर म्हणजे किती दूर? राखीव डेटाबेसचा इतिहास

१/ मे २०२४. ऑस्ट्रेलियातील 'युनिसुपर' या निवृत्तिवेतन निधीच्या सहा लाखांहून अधिक सभासदांना सुमारे आठवडाभर आपल्या खात्यातील शिल्लक पाहता येईना. आग, पूर वा हल्ला यांपैकी काहीही घडले नव्हते. गूगल क्लाउडवर ही व्यवस्था उभारताना एक रकाना रिकामा राहिला होता. त्यामुळे तिला एका वर्षाची मुदत आपोआप लागली आणि मुदत संपताच ती पुसली गेली.

२/ निधीने खबरदारी घेतलेली होती. मांडणी दोन ठिकाणी दुहेरी होती. परंतु दोन्ही ठिकाणे एकाच सेवादात्याच्या एकाच वर्गणीखाली होती. वर्गणी गेली, तशी दोन्ही गेली. दुसऱ्या सेवादात्याकडे ठेवलेल्या प्रतींचा पुनर्बांधणीत मोठा हातभार लागला, असे दोन्ही संस्थांच्या संयुक्त निवेदनात नमूद आहे.

३/ राखीव प्रत मूळ प्रतीपासून दूर असावी, हे सर्वमान्य आहे. मात्र 'दूर' या शब्दाचा अर्थ प्रत्येक दुर्घटनेनंतर बदलत गेला. त्या बदलाचा हा इतिहास.

४/ आरंभ हिशेबाच्या जुन्याच नियमापासून करू: आधी कीर्द, मग खतावणी. डेटाबेसही प्रत्येक बदल प्रथम एका क्रमवार नोंदवहीत, म्हणजे लॉगमध्ये लिहितो आणि मग मूळ तक्त्यात उतरवतो. मध्येच वीज गेली, तरी कीर्दीवरून खतावणी पुन्हा उभी करता येते. १९९२ मध्ये आयबीएमच्या सी. मोहन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 'एरीज' या पद्धतीत हे तत्त्व काटेकोरपणे मांडले.

५/ ज्या कीर्दीवरून आपली खतावणी पुन्हा उभारता येते, ती दुसऱ्या गावी पाठवली तर तेथेही तशीच खतावणी उभी राहील. राखीव डेटाबेसचे बीज एवढेच. सप्टेंबर २०१० मध्ये पोस्टग्रेस ९.० आले आणि ही कीर्द अखंड प्रवाहाने राखीव यंत्राकडे नेण्याची सोय मुक्त प्रणालीत सर्वांना मिळाली.

६/ येथे एक मर्यादा ध्यानात घ्यावी. राखीव प्रत मुख्य प्रतीतील चूकही तत्परतेने उतरवून घेते. मुख्य प्रतीतील तक्ता कोणी चुकून पुसला, तर काही क्षणांत तो राखीव प्रतीतूनही जातो. म्हणून ठरावीक काळाने घेतलेला स्वतंत्र बॅकअप वेगळा लागतोच.

७/ पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध केली. तेथे पोथ्या नुसत्या मोजल्या गेल्या नाहीत. पोथी काश्मीरच्या शारदा परंपरेतील की दक्षिणेच्या मल्याळम परंपरेतील, हे पाहिले गेले. एकाच पोथीवरून उतरवलेल्या दहा पोथ्या तिची चूक दहा वेळा सांगतात. साक्षीदार मात्र एकच असतो.

८/ हीच कसोटी संगणकांना लावून पाहू. ११ सप्टेंबर २००१. 'कँटर फिट्झजेराल्ड' या रोखे व्यवहार संस्थेचे कार्यालय न्यूयॉर्कच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरच्या उत्तर मनोऱ्यात होते. तिचे ६५८ कर्मचारी मृत्युमुखी पडले. मात्र तिच्या 'ई-स्पीड' या इलेक्ट्रॉनिक बाजाराचे दुसरे संगणक केंद्र न्यू जर्सीत होते. १३ सप्टेंबरला रोखेबाजार उघडला, तेव्हा ई-स्पीडवर व्यवहार सुरू झाले. तेव्हा 'दूर' म्हणजे दुसरी इमारत, दुसरे राज्य.

९/ यानंतर अमेरिकी नियामकांनी २००२ च्या मसुद्यात राखीव केंद्र २०० ते ३०० मैलांवर असावे काय, हा प्रश्न चर्चेस ठेवला. एप्रिल २००३ च्या अंतिम दस्तऐवजात मैलांची सक्ती उरली नाही. राखीव केंद्राने मुख्य केंद्राच्याच वाहतूक, दूरसंचार, पाणी व वीज यांच्या व्यवस्थेवर विसंबू नये, असे त्यात म्हटले होते. अंतराचे माप मैलांवरून सामाईक व्यवस्थेवर आले.

१०/ जून २०१४ मध्ये 'कोड स्पेसेस' या कंपनीच्या ॲमेझॉन क्लाउडवरील नियंत्रण कक्षात एक खंडणीखोर शिरला. कंपनीने प्रतिकार करताच त्याने यंत्रे, साठा आणि बहुतेक बॅकअप पुसून टाकले. कंपनी बंद पडली. प्रती अनेक होत्या. त्यांपैकी बहुतेकींना उघडणारी किल्ली एकच होती.

११/ येथून 'दूर' म्हणजे दुसरा मालक, दुसरे खाते, दुसरी किल्ली. हे शक्य आहे, याचा मोठा दाखला 'गिटलॅब'ने दिला. तिचा मुख्य डेटाबेस मायक्रोसॉफ्टच्या अझूर क्लाउडवर होता. तिने गूगल क्लाउडवर राखीव प्रत उभारली, ती सतत अद्ययावत ठेवली आणि ११ ऑगस्ट २०१८ रोजी तिलाच मुख्य केले.

१२/ दोन क्लाउडांतील मांडणी साधारण अशी: दोन्हीकडे पोस्टग्रेसची एकच मुख्य आवृत्ती, दोहोंमध्ये कूटबद्ध खासगी दुवा, प्रारंभी एक संपूर्ण नक्कल आणि मग कीर्दीचा अखंड प्रवाह. राखीव यंत्र कोठवर पोहोचले, याची खूण मुख्य यंत्र ठेवते. तिला मर्यादा घालावी लागते. अन्यथा राखीव यंत्र बंद असताना न पोहोचलेली कीर्द साचून मुख्य यंत्राचीच डिस्क भरते.

१३/ अडचण अशी की, सेवादात्याने स्वतः सांभाळलेल्या डेटाबेसची मूळ कीर्द सहसा बाहेर नेता येत नाही. तेथे नोंदीनिहाय बदल पाठवण्याची 'लॉजिकल' पद्धत वापरतात; ऑक्टोबर २०१७ मध्ये पोस्टग्रेस १० पासून ती अंगभूत झाली. तिच्यात तक्त्याच्या रचनेतील बदल आपोआप जात नाहीत. ते दोन्हीकडे हाताने करावे लागतात. शिवाय क्लाउडबाहेर जाणाऱ्या डेटावर सहसा शुल्क पडते.

१४/ अंतराची किंमत वेळेतही मोजावी लागते. मुंबई–चेन्नई हे सरळ अंतर सुमारे १००० किमी आहे. प्रकाशतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किमी जातो, म्हणजे जाऊन-येऊन किमान १० मिलिसेकंद लागतात. प्रत्येक नोंदीस पोच मिळेपर्यंत थांबावे, तर काम मंदावते. न थांबावे, तर संकटाच्या क्षणी शेवटच्या काही नोंदी गमावण्याची तयारी हवी.

१५/ २१ ऑक्टोबर २०१८ रोजी 'गिटहब'चा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील संपर्क अवघी ४३ सेकंद तुटला. स्वयंचलित यंत्रणेने मुख्यपद पश्चिम किनाऱ्याकडे दिले. परंतु पूर्वेकडील काही नोंदी पश्चिमेस पोहोचल्या नव्हत्या आणि आता पश्चिमेकडेही नव्या नोंदी होऊ लागल्या. दोन्हीकडे असे काही होते, जे दुसरीकडे नव्हते. सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली.

१६/ म्हणून गादी कोणाकडे, हा निर्णय दोघांच्याच हाती ठेवत नाहीत. दोन्ही क्लाउडांबाहेर तिसरा साक्षीदार ठेवतात आणि नव्याला मुख्य करण्यापूर्वी जुन्याचे लेखन सक्तीने थांबवतात.

१७/ उलट चूकही घडते: राखीव असूनही तिकडे न जाणे. २४ फेब्रुवारी २०२१ रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातील (एनएसई) व्यवहार सकाळी ११:४० ला थांबले आणि दुपारी ३:४५ ला पुन्हा सुरू झाले. चेन्नईला राखीव केंद्र होते, तरी व्यवहार तिकडे हलवले गेले नाहीत. ही केंद्रे दोन क्लाउडांतील नव्हेत, पण प्रश्न तोच. पुढच्याच महिन्यात सेबीने नियम कडक केले: ३० मिनिटांत आपत्ती घोषित करावी आणि त्यापुढे ४५ मिनिटांत काम सुरू व्हावे.

१८/ २ मार्च २०२४ रोजी, शनिवारी, एनएसईने विशेष सत्र भरवले. आरंभी व्यवहार मुख्य केंद्रावर आणि नंतर राखीव केंद्रावर झाले. कोणतेही संकट नसताना घेतलेली ही रंगीत तालीम होती. जी प्रत एकदाही मुख्य होऊन पाहिलेली नाही, तिच्यावर संकटात विसंबणे हा जुगार आहे.

१९/ दोन सेवादाते म्हणजे दुप्पट खर्च आणि दुप्पट गुंतागुंत. ती प्रत्येकाला परवडेल असे नाही. तथापि ज्यांच्या नोंदींवर इतरांचे निवृत्तिवेतन, ठेवी वा व्यवहार उभे आहेत, त्यांनी आपल्या दोन प्रतींमध्ये सामाईक काय आहे, याची यादी तरी करावी: इमारत, वीज, दुवा, खाते, किल्ली, माणूस. यादीत जे उरेल, त्याच्या नाशात दोन्ही प्रती एकाच वेळी जातील.

(धागा समाप्त)