समुद्रतळांतील साक्षीदार

इतिहासाचीं साधनें म्हटलीं म्हणजे ताम्रपट, शिलालेख व बखरी आपल्या डोळ्यांपुढें उभ्या राहतात. परंतु मनुष्यानें लेखणी हातीं धरण्यापूर्वीं लक्षावधि वर्षें समुद्राच्या तळाशीं एक दप्तर आपोआप रचलें जात होतें. फोरॅमिनिफेरा नांवाच्या, वाळूच्या कणाएवढ्या जीवांचीं चुन्याचीं कवचें तेथें थरावर थर सांचत आलीं आहेत.

हें दप्तर वाचण्याची एक वाट जर्मन संशोधक व्होल्फगांग शॉट यानें दाखविली. 'मेटिओर' जहाजानें १९२५-२७ मध्यें अटलांटिकच्या तळांतून जे गाळाचे स्तंभ आणिले, त्यांतील कवचें तपासून त्यानें १९३५ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उष्ण पाण्यांत राहणारी एक जात वरच्या थरांत विपुल, त्याखालीं नाहींशी, आणि आणखी खालीं पुनः हजर! मधला थर हिमयुगाचा, हें त्यानें ओळखलें.

पुढें १९५५ सालीं सेझारे एमिलिआनी यानें कवचांतील जड व हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणाचा आधार घेतला. पाणी जितकें थंड, तितका जड ऑक्सिजन कवचांत अधिक. यावरून हिमयुगांत उष्ण कटिबंधांतील अटलांटिक सुमारें ६ अंशांनीं थंडावला होता, असें त्यानें ठरविलें. बर्फाचा परिणाम त्यानें अल्प धरला.

परंतु एकाच साक्षीवर निकाल देतां येत नाहीं. केंब्रिजच्या निकोलस शॅकल्टन यानें १९६७ मध्यें तळाशीं राहणाऱ्या जातींची साक्ष पुढें आणिली. तेथील पाणी आधींच गोठण्याच्या बेतास आलेलें. तें आणखी कितीसें थंड होणार? तरीहि फरक जवळजवळ तेवढाच आढळला. वाफेबरोबर हलका ऑक्सिजन अधिक जातो, तो जमिनीवरील बर्फांत अडकून पडतो, आणि समुद्रांत जड ऑक्सिजनचें प्रमाण वाढतें. मुख्य कारण हेंच होतें.

म्हणजे जो तापमापक वाटला, तो बव्हंशीं बर्फाचा जमाखर्च निघाला! पण त्यामुळें एमिलिआनीचे श्रम वायां गेले नाहींत. सर्व समुद्रांचें पाणी एकमेकांत मिसळतें. म्हणून ही खूण सर्वत्र जवळजवळ एकाच काळीं उमटते, आणि ती जुळवून दूरदूरच्या थरांची कालगणना करितां येते. १९७६ सालीं हेज, इम्ब्री व शॅकल्टन यांनीं दक्षिण हिंदी महासागरांतील दोन स्तंभांत सुमारें २३,०००, ४२,००० व १,००,००० वर्षांचीं आवर्तनें दाखवून त्यांचा संबंध पृथ्वीच्या कक्षेंतील व आंसाच्या कलांतील फेरफारांशीं जोडला.

इतिहासकाराचा धर्म येथेंहि तोच आहे. साक्ष टाकून देऊं नये. ती नेमकी कशाची साक्ष आहे, हें मात्र पुनःपुन्हा विचारावें.