परक्यांनी बांधलेली कायद्याची शाळा

आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. कायदा आम्ही शिकलो तो कामगार न्यायालयाच्या बाकावर, तारखांची वाट पाहत. एका हंगामात ऊसतोडीच्या टोळीतून एक कोयता उचल घेऊन पळाला. मुकादमाने त्याच्याच गावच्या दुसऱ्या जोडप्याची बैलजोडी अडवून ठेवली. नुकत्याच वकील झालेल्या एका तरुणास आम्ही विचारले, तर तो म्हणाला, "हे आमच्या अभ्यासात नव्हते."

वास्तविक कायद्याचे विद्यापीठ वाढले ते अशाच अन्यायाच्या छायेत. इटलीतील बोलोन्या नगरीत बाराव्या शतकात रोमन कायदा शिकण्यासाठी दूरदूरचे विद्यार्थी येत. जस्टिनियन बादशहाने इ. स. ५३३ मध्ये सिद्ध करविलेला 'डायजेस्ट' ग्रंथ इर्नेरियस या पंडिताने तेथे शिकवावयास घेतला होता. परंतु परमुलखात या पोरांना वाली नव्हता. देशबांधवाने कर्ज थकवले, तर ते यांच्याकडून वसूल होई. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसा याने ११५५ च्या सुमारास फर्मान काढून विद्यार्थ्यांपुरती ही वसुली बंद केली.

पुढे विद्यार्थ्यांनी स्वतःच संघ बांधले. आल्प्सअलीकडच्यांचा एक, पलीकडच्यांचा दुसरा. या संघांनाच 'युनिव्हर्सिटास' म्हणत. म्हणजे विद्यापीठ ही मुळात युनियनच! बोलोन्याच्या नागरिकांना तीत जागा नव्हती. त्यांच्या पाठीशी नगर होतेच. तास उशिरा सुरू करणाऱ्या अध्यापकाला दंड होई. एका दिवसाच्या रजेलाही त्यास परवानगी लागे. आणि शेवटचे हत्यार म्हणजे गाव सोडणे. अशा बाहेर पडलेल्यांतूनच १२२२ मध्ये पादुआचे विद्यापीठ उभे राहिले.

नंतर राष्ट्रे बळावली. फ्रान्सने १८०४ मध्ये आपली नागरी संहिता केली, इतरांनीही तोच मार्ग धरला, आणि कायद्याचे वर्ग सरहद्दींच्या आत कोंडले गेले. १९८७ च्या इरॅस्मस योजनेने युरोपातील विद्यार्थी पुन्हा परस्परांच्या विद्यापीठांत जाऊ लागले.

आपल्याकडे याची निकड कमी नाही. सक्तीच्या श्रमांविरुद्धचा आंतरराष्ट्रीय करार १९३० चा. भारताने तो १९५४ मध्ये स्वीकारला. वेठबिगारी नष्ट करणारा आपला कायदा १९७६ चा. हा धागा बोलोन्यापासून शिकलेला वकील मुकादमास पहिल्याच दिवशी विचारता, "एकाचे देणे दुसऱ्याच्या माथी, हे कोणत्या कायद्याने?" आम्हांला मात्र ती बैलजोडी सोडवायला नऊ दिवस धरणे धरावे लागले.